आफ्रिका किती किलोमीटर?

परवा शनिवारी कळंब्याला घरी आलो होतो. सोमवारी रिलीज होता, पण लॅपटॉप बॅगेतच ठेवायचा असं ठरवलं होतं. सकाळी तळ्यावर चक्कर मारून परत येत होतो, तर वाटेत काही पोरं हलगी तापवत बसलेली दिसली. जाळावर धरायची, बोटाने टक् करून बघायची, परत धरायची. ते बघताना पुण्यातला एक कार्यक्रम आठवला आणि जरा लाजच वाटली.

झालं असं होतं की पुण्यात एका महोत्सवात आफ्रिकन संगीताची एक संध्याकाळ होती. ऑफिसमधली सात-आठ जणं मिळून गेलो. आधी जेंबे वाजवणाऱ्यांचा एक ग्रुप झाला. मग जॅझच्या अंगाने जाणारा, आपल्याच मुलांचा एक बँड. आणि शेवटी गुजरातेतून आलेले सिद्दी कलाकार. मोरपिसं, रंगवलेले चेहरे, ढोल. निवेदकाने तिन्ही एकाच माळेत ओवले. पहिल्या दोघांना पाऊण-पाऊण तास, सिद्दींना पंधरा मिनिटं. त्यातही समोरून ओरडा सुरू झाला, 'नारळ फोडा, नारळ फोडा!' नारळ हवेत उडवून डोक्यावर झेलून फोडतात ना, त्याचा व्हिडिओ सगळ्यांना हवा होता. मलाही हवा होता, खोटं कशाला बोलू?

कार्यक्रम संपल्यावर मी मागे गेलो आणि त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांना अगदी झोकात विचारलं, 'व्हेअर आर यू फ्रॉम?' ते शांतपणे म्हणाले, 'भरूच के पास से, भाई. आप?'

त्या 'आप?'ला माझ्याकडे उत्तर होतं, कळंबा. पण तोंडातून काही निघालं नाही.

नंतर वाचत बसलो. ज्याला धमाल म्हणतात तो मुळात करमणुकीचा आयटमच नाही. रतनपूरला बाबा गोर यांचा दर्गा आहे. बाबा गोर हे आफ्रिकेतून आलेले संत, अकीकच्या व्यापाराशी त्यांचं नाव जोडलेलं. त्यांच्या नावाने ही धमाल होते. एक बसून गायची, एक नाचायची. नाचत नाचत रंगात येऊन नारळ फोडायचा, हा सगळ्याचा कळस. आम्ही कळसच आधी मागितला! त्यांची वाद्यंही वेगळीच, म्हणजे पायांवर उभा राहणारा मुगरमान ढोल, धनुष्यासारखं मलुंगा, नारळाच्या करवंटीचं खुळखुळणारं माई मिसरा. या संगीताला ते 'गोमा' म्हणतात, आणि पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत ढोल आणि नाच दोन्हीला 'न्गोमा' म्हणतात. शब्द समुद्र ओलांडून आला आणि राहिला.

जेंबे मात्र पश्चिम आफ्रिकेतला. सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून आले. कोणी सैनिक म्हणून, कोणी खलाशी, आणि अनेकजण गुलाम म्हणून विकले जाऊन. या दोघांना एका माळेत ओवणं म्हणजे लावणी आणि जपानी ढोल 'आशियाई संगीत' म्हणून एकत्र दाखवण्यासारखं आहे.

आता कोल्हापूरकरांना सिद्दी म्हटलं की कोण आठवतं? सिद्दी जौहर. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा शाळेपासून तोंडपाठ. पण तोच वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल आला होता, आणि त्या झुंजीत त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला, हे किती जणांना माहीत आहे? मला तिशी ओलांडेपर्यंत नव्हतं. एक सिद्दी वेढा घालणारा, एक सिद्दी आपल्या बाजूने वेढ्यावर चालून जाणारा. आम्ही पहिला लक्षात ठेवला. मलिक अंबर हबशीच होता, त्याने वसवलेल्या खडकीचंच पुढे औरंगाबाद झालं, आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. जंजिऱ्यावर तर १९४८ पर्यंत सिद्दी नवाब होते. मग हे लोक 'बाहेरचे' कसे?

आणि लांब कशाला जायचं? बेळगावच्या पुढे हल्याळ, यल्लापूरच्या रानात सिद्दींच्या वस्त्या आहेत. तिथले सिद्दी कोकणी बोलतात, दमामीवर नाचतात. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. कोल्हापुरातून सकाळी गाडी काढली तर दुपारच्या जेवणाला पोचाल. आफ्रिका एवढी जवळ आहे, आणि आपण ती तिकीट काढून पुण्यात बघतो.

कोणी म्हणेल, 'अरे, निदान स्टेज तरी मिळालं ना? पैसे मिळाले, नाव झालं.' खरं आहे. आफ्रिकन म्हणून बोलावलं तर परदेशचे दौरेही होतात, आणि स्वतःच्या मुळांचा त्यांना अभिमान असेल तर तो त्यांचा हक्क आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यांना फक्त आफ्रिकन करून टाकू नका. चारशे-पाचशे किलोमीटरवरून आलेल्याला 'सातासमुद्रापारचा' म्हटलं की त्याची जात, त्याची गरिबी, त्याचा रोजगार यांचा विचार करायची आपली जबाबदारी संपते. पाहुणा काय, उद्या जाणारच आहे.

पण आम्ही हलगीवाल्याचं तरी काय करतो? तो तर इथलाच. कुस्तीला हलगी हवी, मिरवणुकीला हलगी, घुमकं, कैताळ हवं. सुपारी द्यायची, वाजवून घ्यायचं, जेवणाच्या वेळी तो कुठे बसला ते बघायचं नाही. महोत्सवाच्या पत्रिकेवर त्याचं नाव कधी वाचलंय? सिद्दी लांबचा म्हणून शोभेचा, हलगीवाला जवळचा म्हणून फुकटचा. दोघांनाही कलाकार म्हणायचं राहूनच जातं.

म्हणून माझी एक साधी मागणी आहे. कोल्हापुरात पुढच्या वेळी कोणी संगीत महोत्सव भरवला, तर हल्याळचे दमामीवाले आणि इथले हलगीवाले एकाच रात्री बोलवा. जागा खासबाग मैदान, १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेलं. पत्रिकेवर दोघांची नावं आणि गावं लिहा. वेळ निदान तासभर द्या, मानधन जॅझवाल्यांइतकं द्या. निवेदकाने आधी त्यांच्याशी बोलावं, काय वाजवणार, का वाजवणार ते विचारावं. नारळ त्यांना फोडायचा असेल तेव्हा ते फोडतील.

तळ्यावरची ती पोरं अजून हलगी तापवत होती. या वेळी मी थांबलो, व्हिडिओ काढला नाही. विचारलं, 'कुठली सुपारी?' एकजण म्हणाला, 'सुपारी कसली भावा, आमचं आमच्यासाठी वाजवतोय. बस की.'

बसलो. लई भारी वाजवलं.