नाव सगळ्यात शेवटी



सफर कष्टाचा असतो, हे आपल्या दीनने मान्य केलं आहे. म्हणूनच मुसाफिराला चार रकातींच्या जागी दोन पढण्याची मुभा आहे, रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. पण काही सफर असे असतात की त्यात शरीराच्या थकव्याचं काहीच वाटत नाही. मनात दोनच प्रश्न असतात. जिथे चाललो आहोत तिथे आपल्याला घेतील का? आणि आपण गेल्याने तिथल्या कुणाला इजा तर होणार नाही? २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी हे दोन प्रश्न सोबत घेऊन गावची वाट धरली. त्यात आमचंही घर होतं.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नव्हता. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला आणि काही महिन्यांतच लाखो माणसं शहर सोडून आपापल्या गावी निघाली. माणसांबरोबर साथही गेली. १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात लागू झाला तो हाच कायदा. सव्वाशे वर्षांत मोटारी आल्या, फोन आले. पण रोगाच्या दिवसांत शहरातून आलेल्या माणसाकडे गावाने कसं बघायचं, हा पेच तसाच राहिला.

आम्ही तेव्हा भिवंडीत राहत होतो. मुलांचे अब्बू एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब बघायचे. मार्चच्या शेवटी माग थांबले आणि पगारही थांबला. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यातल्या वडनेर भोलजीला माझे अब्बा एकटे होते. वय चौऱ्याहत्तर, साखरेचा आजार, अम्मींना जाऊन वर्ष झालेलं. एप्रिलमध्ये अंगणात पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं. इन्शुलिनची सुई स्वतःला टोचता येईना. शेजारच्या काकूंची सून रोज येऊन टोचून द्यायची, भाकरी-भाजी ठेवून जायची. फोनवर अब्बा म्हणायचे, सगळं ठीक आहे. लेकीला ‘ठीक’ या शब्दाचा अर्थ कळतो.

जावं की नाही, यावर आमच्या घरात चार रात्री बोलणं चाललं. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण स्पष्ट आहे: जिथे साथ आहे तिथे जाऊ नका आणि तुम्ही असता तिथे साथ आली तर तिथून पळून जाऊ नका. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना पुढे साथ असल्याचं कळलं. त्यांनी सल्लामसलत केली आणि काफिला परत फिरवण्याचं ठरवलं. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? हजरत उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि त्यांनी ही हदीस सांगितली, तेव्हा हजरत उमर यांनी अल्लाहचे आभार मानले.

म्हणजे खबरदारी घेणं हे ईमानच्या विरुद्ध नाही, हे तर पक्कं झालं. पण निघण्याचं काय? उलेमांनी यात फरक सांगितला आहे. जीव वाचवण्यासाठी पळणं वेगळं आणि खऱ्या गरजेपोटी निघणं वेगळं. आमची गरज खरी होती. पण गरज खरी असली म्हणून रोग सोबत जात नाही असं थोडंच आहे? शेवटी ठरलं, जायचं, पण अब्बांच्या घरात चौदा दिवस पाऊल ठेवायचं नाही. ज्यांच्यासाठी निघालो, त्यांच्यापासूनच लांब राहायचं. हा निर्णय सोपा नव्हता.

पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-पाससाठी अर्ज केला. त्यासोबत सर्दी-तापाची लक्षणं नसल्याचा डॉक्टरांचा दाखला लागायचा. तो घ्यायला लोक फजरनंतर लगेच रांगेत उभे राहत. पास हातात आला आणि १५ मे रोजी, एकविसाव्या रोजाची सेहरी करून आम्ही चौघं निघालो. गाडी चालवायची म्हणून मुलांच्या अब्बूंनी त्या दिवशी सवलत घेतली. मी रोजा धरला.

भिवंडी ते वडनेर भोलजी जवळपास पाचशे किलोमीटर. कसारा घाटात माणसं चालत होती. डोक्यावर गाठोडी, कडेवर मुलं, काहींच्या पायात चपलाही नाहीत. आठवडाभर आधी, ८ मे रोजी, जालन्याहून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपी गेले आणि मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांना भुसावळ गाठायचं होतं. आमचा रस्ता त्याच भुसावळवरून जात होता. आमच्याकडे चार चाकं होती, पास होता, पाण्याच्या बाटल्या होत्या. त्या दिवशी मला कोणतीही तक्रार करावीशी वाटली नाही. फक्त एका जागी मन दुखलं, ते सांगते.

धुळ्यानंतर आम्ही पूर्वेला वळलो. पुढे एका नाक्यावर गाड्या थांबवल्या जात होत्या. पुढच्या गाडीतल्या कुटुंबाला विचारलं, कुठून आलात, कुठे चाललात, कुणाला ताप आहे का? गाडी सोडली. आमचा पास घेतला, नावं वाचली आणि वाचणारा दोन पावलं मागे सरकला. पहिला प्रश्न आला, मरकजला कोण कोण गेलं होतं? तापाचं कुणी विचारलंच नाही. डॉक्टरांचा दाखला मी पुढे धरला होता, तो कुणी घेतलाही नाही. अर्ध्या तासाने आम्हाला सोडलं. मागच्या सीटवरून माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, अम्मी, मरकज म्हणजे काय? त्या एप्रिलमध्ये फोनवर कसले संदेश फिरत होते, भाजी-फळवाल्यांना नाव विचारून कसं हाकललं जात होतं, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर मागे टाकत आम्ही मलकापूरला पोहोचलो, म्हणजे विदर्भात आलो. दोन्ही बाजूंनी काळी, तापलेली रानं. खरेदी रखडल्याने कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात त्या वर्षीचा कापूस मे महिन्यातही पडून होता. असरची वेळ टळण्याआधी आम्ही गावाशी आलो. गल्लीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या होत्या. माझ्या पोटात गोळा आला. नाक्यावर जे घडलं ते परक्यांनी केलं होतं. इथे तसंच झालं तर जाणार कुठे?

एक आशाताई वही घेऊन पुढे आल्या. “ताई, कोठून आल्या? कवा निंगाल्या? कोणाले ताप, खोकला, घसा दुखते का?” चौघांचा ताप मोजला, वहीत लिहिला. सगळं लिहून झाल्यावर म्हणाल्या, “आता नावं सांगा.”

नाव सगळ्यात शेवटी. एवढ्या एका गोष्टीने दिवसभराचा शीण उतरला.

आमची सोय शाळेत झाली. आमच्याआधी तिथे तीन कुटुंबं होती: एक सुरतेहून आलेलं, एक पुण्याहून, एक मुंबईहून. त्यांच्यात आमच्या समाजाचं कुणी नव्हतं. नियम मात्र सगळ्यांना एकच. मैदानात फक्कीची रेघ मारलेली होती. घरून आलेला डबा रेघेवर ठेवायचा, आणणारा मागे गेला की उचलायचा. दुसऱ्या दिवशी अब्बा आले. हात गळ्यात बांधलेला. रेघेपलीकडे निंबाच्या सावलीत उभे राहून ओरडले, “रोजा कैसा जारा बेटा?” धाकटी धावत सुटली, तिला मीच दंडाला धरून मागे ओढलं. ती रडली, अब्बांनी तोंड फिरवलं. इन्शुलिन अजूनही काकूंची सूनच टोचत होती.

२५ मे रोजी ईद झाली. ईदगाह बंद होता, वर्गातच नमाज पढलो. काकूंनी अब्बांना विचारून विचारून शीरखुर्मा केला होता. त्यांचा मुलगा मोठा डबा रेघेवर ठेवून गेला. शाळेतल्या सगळ्या मुलांनी तो वाटून खाल्ला. साखर जरा कमीच होती. अब्बांच्या हिशेबाने केला असणार.

चौदा दिवस सरले. अल्हमदुलिल्लाह, कुणालाही काही झालं नाही. मी घरी गेले आणि त्या संध्याकाळची सुई मी टोचली.

आता त्या दिवसांना काही वर्षं झाली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तब्लीगच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं मत नोंदवलं. न्याय मिळाला, पण भाजीची गाडी ज्याची त्या महिन्यात उलटवली गेली, त्याच्यापर्यंत तो किती पोहोचला, कोण जाणे.

मला या सफरमधून एक गोष्ट उमगली. खबरदारी आणि संशय दूरून सारखेच दिसतात. दोघंही रस्ता अडवतात, दोघंही प्रश्न विचारतात. फरक प्रश्नांच्या क्रमात असतो. खबरदारी आधी ताप विचारते, तोही सगळ्यांना. संशय आधी नाव विचारतो आणि मग तापाचं विचारायचं विसरून जातो. म्हणूनच संशयाने रोग अडत नाही. नाक्यावर आमच्यापैकी कुणाला खरंच ताप असता, तर तो त्यांना कळलाही नसता.

हा धडा आपल्यालाही आहे. त्याच दिवसांत आपल्यातलेही काहीजण म्हणत होते की वजू करणाऱ्याला रोग होत नाही, तपासणीला जाऊ नका, ताप लपवा. हजरत उमर यांचा काफिला परत फिरला, हे अशा माणसांना प्रेमाने सांगायला हवं. आपल्याला नाव विचारून अडवलं जाऊ नये असं वाटत असेल, तर तापाचं खरं उत्तर देणं ही आपली जबाबदारी आहे.

अस्वस्थ दिवस पुन्हा येतील. कधी साथीचे, कधी संचारबंदीचे. तेव्हा कुणी मुसाफिर आपल्या मोहल्ल्याच्या तोंडाशी आला, तर आधी पाणी द्या, मग हालहवाल विचारा, ती सगळ्यांना सारखीच विचारा. नावाची घाई नसते. अल्लाह प्रत्येक मुसाफिराला सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.