तो तुकडा आधी प्रयोगशाळेत जाऊ द्या

आमच्या खाला तिरोड्याच्या. घर, धानाची शेती, पाच नातवंडे आणि रमजानमध्ये अर्ध्या मोहल्ल्याला पुरेल एवढी इफ्तारी, असा त्यांचा पसारा. डाव्या स्तनात गाठ हाताला लागली, ती त्यांनी चार महिने कुणाला सांगितली नाही. शेवटी सांगितली मोठ्या सुनेला, तीही "घरातल्या पुरुषांच्या कानावर घालू नकोस" या अटीवर. सुनेने ऐकले नाही, हे फार बरे झाले.

एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झाले. "गाठ पूर्ण काढली, आता काळजी नाही," असे सांगून खालूंच्या हातात एक पिशवी देण्यात आली. माणसाच्या शरीराचा भाग तो. खालूंनी तो स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि मगरिबच्या आधी कबरस्तानाच्या कोपऱ्यात अदबीने पुरला. त्यांच्या भावनेला आम्ही नावे ठेवणार नाही. पण त्या खड्ड्यात आणखी काय पुरले गेले, ते सव्वा वर्षाने कळले.

खालांच्या काखेत गाठ आली. रेल्वेने नागपूर गाठले. कर्करोगाच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधीच्या ऑपरेशनचा ब्लॉक कुठे आहे?" आम्हाला ब्लॉक म्हणजे रस्त्यावर बसवतात ते ठाऊक. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. खालूंनी पुरल्याचे सांगितले तेव्हा बाई क्षणभर गप्प झाल्या. मग रागावण्याऐवजी त्यांनी कागद ओढून चित्र काढले. त्यांनी समजावलेले, आणि आम्ही नंतर वाचून पडताळलेले, वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर अनेक प्रथिने असतात. त्यातले एक हर-टू. पेशीला "वाढ" असा निरोप आत पोहोचवणे हे त्याचे काम. निरोगी पेशीवर ते थोडेच असते. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण १५ ते २० जणींच्या गाठीत मात्र ते फार जास्त असते, आणि पेशी भराभर वाढत जातात. डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले की, ज्या गाठींत या प्रथिनाच्या जनुकाच्या जादा प्रती असतात, त्या गाठी लवकर उलटतात.

हे प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. ते ओळखायला प्रयोगशाळेत प्रतिपिंड वापरतात. आपले शरीर रोगजंतूंशी लढताना प्रतिपिंडे तयार करते, आणि प्रत्येक प्रतिपिंड आपलेच लक्ष्य धरते. कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ साली एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची रीत शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल मिळाले.

तपासणी अशी होते. गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात. मेणातला हा छोटा ठोकळा म्हणजेच ब्लॉक. त्याचे केसापेक्षाही पातळ काप काचेवर घेऊन त्यावर हर-टू ओळखणारे प्रतिपिंड सोडतात. प्रथिन असेल तिथे ते चिकटते, नसेल तिथून धुऊन जाते. मग रंग दिला की चिकटलेल्या जागी तपकिरी छटा येते. हर-टू भरपूर असेल तर प्रत्येक पेशीभोवती गडद कडे दिसते. सोबत, ज्यात हर-टू आहे हे आधीच माहीत आहे असा दुसरा कापही रंगवतात. तो रंगला नाही तर त्या दिवशीची तपासणीच ग्राह्य धरत नाहीत.

अहवालात आकडा येतो. ० किंवा १+ म्हणजे नकारात्मक, ३+ म्हणजे सकारात्मक. २+ आला तर निकाल अधांतरी. तेव्हा फिश नावाची जनुकाची तपासणी करावी लागते. २+ पाहून घाबरू नये आणि तिथेच थांबूही नये.

एका भगिनीने आम्हाला विचारले, हे प्रतिपिंड उंदराच्या किंवा सशाच्या पेशींपासून मिळवतात म्हणे, मग चालते का? भगिनींनो, ते काचेवरच्या कापावर टाकतात. रुग्णाच्या शरीरात त्याचा थेंबही जात नाही.

एवढी उठाठेव कशासाठी? कारण उत्तरावर औषध ठरते. हर-टूला पकडून त्याचे काम रोखणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. २०१४ मध्ये बंगळूरच्या बायोकॉन कंपनीने त्याचे भारतीय रूप बाजारात आणले. ते ३+ असलेल्या रुग्णाला देतात. ते सुरू असताना हृदयाची तपासणी अधूनमधून करावी लागते. हर-टू नसलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

खालांच्या काखेतल्या गाठीचा सुईने तुकडा घेतला. अहवाल आला, ३+. म्हणजे जे औषध पहिल्या ऑपरेशनच्या वेळीच मिळायला हवे होते, ते सव्वा वर्ष उशिरा सुरू झाले. तो सव्वा वर्षाचा काळ त्या पांढऱ्या कापडात गेला होता.

म्हणून घरोघरी सांगावे. गाठ काढली की तिचा तुकडा प्रयोगशाळेत जाणार ना, हे ऑपरेशनच्या आधीच विचारा. नमुना तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे, आणि द्रव तुकड्याच्या निदान दहापट हवा. हर-टूसाठी तो फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास राहावा लागतो. नुसत्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवला तर पेशी खराब होतात. अहवालात ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्हींची नोंद आहे का, ते पाहा. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. पुढे कुठेही जायचे झाले, अगदी मुंबईच्या टाटा रुग्णालयात, तरी ब्लॉक आणि स्लाइड सोबत न्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि दफनाचे? तपासणीनंतर उरणाऱ्या भागाचे काय करायचे, हे डॉक्टरांशी आणि आपल्या मौलानांशी आधीच बोलून घ्यावे. अदब राखता येते. पण आधी उत्तर मिळू द्यावे.

खालांचे औषध चालू आहे. यंदा इफ्तारी सुनांनी केली, खाला खुर्चीवर बसून मीठ कमी-जास्त सांगत होत्या. खालू आता मोहल्ल्यात कुणाचे गाठीचे ऑपरेशन झाले की सलाम करून तब्येत विचारतात, आणि लगेच दुसरा प्रश्न करतात, "तुकडा कुठे पाठवला?"