शरीर कमवावे, जाळू नये

(बी. एस्सी., अंतिम वर्ष)

मराठीत ‘शरीर कमावणे’ असा एक जुना शब्दप्रयोग आहे. तालमीत जाणाऱ्या पोराकडे पाहून वडीलधारी माणसे ‘अंग चांगलं कमावलंय’ असे कौतुकाने म्हणत. आमच्या पिढीच्या तोंडी मात्र हा शब्द फारसा येत नाही. आम्ही ‘वजन घटवतो’, ‘चरबी जाळतो’. कमावण्याची भाषा गेली आणि जाळण्याची आली. हा नुसता शब्दांचा फेर नाही, विचारांचाही आहे. त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा माझे वजन 84 किलो होते आणि उंची पाच फूट सहा इंच. लहानपणापासून ‘जाड्या’ ही हाक अंगवळणी पडलेली. पण ताईच्या लग्नात फोटो काढणाऱ्याने, ‘तुम्ही जरा मागे उभे राहा, बाकीचे झाकले जातात,’ असे चारचौघांत म्हटले, तेव्हा ते मनाला लागले. दुसऱ्या दिवसापासून मी पेटून उठलो. पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत आठ किलोमीटर धावायचे. संध्याकाळी जिममध्ये आधी तासभर ट्रेडमिल, मग तासभर वजने. आठवड्याचे सातही दिवस. रात्रीचे जेवण बंद; एक वाटी काकडी, बस्स. आई ताट वाढून बसायची आणि मी पाणी पिऊन झोपायला जायचो.

पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले, दोन महिन्यांत अकरा. मित्र पाठ थोपटू लागले. त्या कौतुकात बाकीच्या गोष्टी मला दिसेनात. रात्री दोनदोन वाजेपर्यंत झोप लागत नसे. क्षुल्लक कारणावरून मी आईवर ओरडत असे. सुरुवातीला छातीवरून 40 किलोचा बार दहा वेळा उचलणारा मी, तीस किलोला थरथरू लागलो. नडगी दुखू लागली तेव्हा पट्टी बांधून धावलो. अखेर एके दिवशी बसमधून उतरताना पाय टेकवेना. डॉक्टरांनी तपासून सांगितले, नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला आहे. सहा आठवडे धावणे बंद. त्या सहामाहीची प्रात्यक्षिक परीक्षा मी काठी टेकत दिली. आणि पुढच्या चार महिन्यांत अकरापैकी नऊ किलो परत आले!

त्या सक्तीच्या विश्रांतीत मी आमच्या शहापुरातल्या तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसत असे. तिथल्या म्हाताऱ्या वस्तादांनी एकदा माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, ‘काय रे पोरा, अंग कमवायलास की जाळायलास?’ मला उत्तर सुचले नाही. उत्तर शोधायला मग मी पुस्तके उघडली.

पहिला धक्का साध्या हिशेबाने दिला. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. धावताना, शरीराच्या दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे 84 किलोच्या माणसाला एक किलो चरबी केवळ धावून घालवायची तर नव्वदच्या वर किलोमीटर धावावे लागेल. बेळगावहून निघून जवळजवळ हुबळी गाठावी एवढे! मग पहिल्या आठवड्यातले माझे तीन किलो कुठले? ते बहुतांशी पाणी होते. शरीर पिष्टमय अन्नाचा साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवते आणि त्या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. जेवण तोडले की साठा संपतो, पाणीही जाते. काट्याला मात्र पाणी आणि चरबी यांतला फरक कळत नाही.

शिवाय अधिक व्यायाम केला की खर्च त्याच प्रमाणात वाढत जातो, हेही खरे नाही. हर्मन पाँट्झर या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह टांझानियातील हाडझा या शिकारी जमातीचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध केला. दिवसभर रानात चालणाऱ्या या लोकांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचे आकारमान लक्षात घेता, खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकन माणसाइतकाच भरला. शरीर फार राबवले तर ते इतरत्र काटकसर करते. तेव्हा वजनाचा निकाल मैदानावर कमी आणि स्वयंपाकघरात अधिक लागतो, हे आपण मान्य केले पाहिजे.

मग व्यायाम कशाला? माझे मत असे की, तो कमावण्यासाठी. धावण्याने, भरभर चालण्याने, सायकल मारण्याने हृदय आणि फुप्फुसे कमावली जातात. वजने उचलण्याने स्नायू आणि हाडे कमावली जातात. यांपैकी एकाचे काम दुसरे करीत नाही. खाणे कमी करून फक्त धावणाऱ्याच्या घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. मुद्दल मोडून खावे आणि खर्च कमी झाला म्हणून आनंद मानावा, तसे हे आहे. वजने उचलली आणि डाळ, मटकी, शेंगदाणे, दही, अंडी असे प्रथिनयुक्त अन्न पोटात गेले, तर मुद्दल बरेचसे वाचते.

पण म्हणून दोन्ही भरमसाट करावीत काय? इथेच माझी चूक झाली होती. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा आठवडे एका गटाने फक्त ताकदीचा, दुसऱ्याने फक्त दमसासाचा आणि तिसऱ्याने दोन्ही व्यायाम पुरेपूर केले. तिसऱ्या गटाची ताकद सुमारे सात आठवडे वाढली, मग थांबली आणि पुढे उतरू लागली. मी जिममध्ये थरथरत होतो त्याचे इंगित इथे होते. दोन्ही एकत्र नांदू शकतात, पण दोघांनाही माप हवे.

हे माप आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीइतकाच करावा असे सांगितले आहे. अतिव्यायामाने तहान, क्षय, श्वास, ज्वर जडतात असा इशाराही आहे. कन्नड विभागातला माझा मित्र म्हणतो, ‘अतियादरे अमृतवू विष’. अति झाले तर अमृतही विष होते. आपल्याकडे ‘अति तेथे माती’ म्हणतात. दोन भाषांतले शहाणपण एकच सांगत असेल तर ऐकायला हरकत नसावी.

आजचे शास्त्रही माफकच मागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण असे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम, किंवा 75 ते 150 मिनिटे जोरदार व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. मी तर दिवसाला तीन तास करीत होतो!

सध्याचा माझा आठवडा सांगतो. तीन दिवस पहाटे चाळीस मिनिटे चालणे आणि धावणे, शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने. दोन दिवस वजने: बैठका, छाती, पाठ, खांदे, मिळून पाचसहा प्रकार, प्रत्येकाच्या दोनतीन फेऱ्या. एक दिवस खेळ किंवा राजहंसगडावर मित्रांबरोबर फेरी. एक दिवस पूर्ण सुट्टी. दोन्ही एकाच दिवशी करावे लागले तर आधी वजने, मग धावणे. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजतो. ती नेहमीपेक्षा बरीच वाढलेली असेल, झोप उडाली असेल किंवा चिडचिड होत असेल, तर त्या दिवशी विश्रांती. रात्री आईच्या हातची भाकरी खातो. वर्षभरात सात किलो उतरले आहेत आणि ते परत आलेले नाहीत.

काही मित्र म्हणतील, सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांना हे कसे परवडणार? मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेले आपले गाव. आसपासच्या खेड्यांतील मुले अंधारात उठून रस्त्याने धावताना रोज दिसतात. त्यांना माझे सांगणे एवढेच की, भरतीत सोळाशे मीटर धावणेही असते आणि बीमवर अंग उचलणेही. दुखरी नडगी घेऊन रांगेत उभे राहण्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस पाय लांब करून बसलेले बरे.

मैत्रिणींना अधिक जपून सांगावेसे वाटते. अपुरे खाणे आणि अति व्यायाम यांनी मासिक पाळी थांबू शकते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 साली या अवस्थेकडे लक्ष वेधले आणि ती पुरुषांतही आढळते असे बजावले. पाळी थांबणे ही बारीक होण्याची खूण नव्हे, डॉक्टरांकडे जाण्याची आहे.

शेवटी आपल्या जिमखान्याविषयी. तिथली वजने स्पर्धेला जाणाऱ्या मोजक्या मुलांपुरती उरली आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती सर्वांसाठी खुली करावीत, मुलींसाठी वेगळी वेळ ठेवावी आणि किती करायचे यापेक्षा कधी थांबायचे हे सांगणारा एक जाणकार तिथे असावा, अशी माझी नम्र सूचना आहे. मला तसा कोणी वेळेवर भेटला असता तर परीक्षेला काठी लागली नसती.

परवा ताईच्या घरी बारशाला फोटो काढताना मी आपण होऊन मागे उभा राहिलो. मी अजूनही बारीक नाही. पण ताईच्या बाळाला आणि तिच्या सासूबाईंच्या जड बॅगेला एकाच वेळी उचलून तीन जिने चढलो आणि दम लागला नाही. वस्तादांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल असे वाटते.