न्यायाधीशाची बदली आणि भेस्तानचा फिर्यादी

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना सोडते आणि भेस्तान येते. खानदेशातून तापीकाठच्या लोहमार्गाने पोटासाठी आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांची बिऱ्हाडे या पट्ट्यात आहेत. मागावरची मजुरी थकली, यंत्रात हात सापडला, किंवा खोलीच्या मालकाने भांडीकुंडी रस्त्यावर टाकली, की या माणसाला सुरतेच्या न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्याच्यापाशी ना भाषेचे बळ, ना ओळखीपाळखीचे. प्रतिपक्षापाशी बहुधा दोन्ही असते. खुर्चीवर बसलेला तिसरा माणूस कोणाचा मिंधा नाही, एवढ्याच भरवशावर तो दिवसाची मजुरी बुडवून तेथे उभा राहतो. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याची चर्चा दिल्लीच्या परिसंवादांत रंगते खरी. पण त्याचे सर्वांत मोठे ऋणको या असल्या वस्त्यांत राहतात, असे आम्हांस वाटते.

हे स्वातंत्र्य आपणांस इंग्रजांनी दिले, असे सांगणारे सद्गृहस्थ आजही भेटतात. निदान सुरतेत तरी त्यांनी हे जपून बोलावे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून प्रत्यक्ष सत्ताधीश रघुनाथरावांनाच दोषी धरले आणि त्यांच्या राज्यात राहणे नको म्हणून पुणे सोडले. पुढे बारभाईंनी पाठ धरली तेव्हा रघुनाथराव आश्रयाला गेले ते इंग्रजांच्या. साष्टी आणि वसई यांच्या मोबदल्यात त्यांना पेशवेपदावर बसविण्याचा जो करार मुंबईकर इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये केला, तो सुरतेचा तह म्हणूनच इतिहासास ठाऊक आहे. येथील न्यायाधीशाने ज्याला अपराधी ठरविले, त्याची किंमत कंपनीने बेटांत आणि बंदरांत मोजून घेतली.

आपल्या घरी मात्र इंग्रज निराळे वागत होते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. राजा पहिला जेम्स याने सर एडवर्ड कोक यांना १६१६ मध्ये सरन्यायाधीशपदावरून दूर केले. कारण राजाच्या इच्छेपुढे कायदा वाकवावयास ते तयार नव्हते. असल्या अनुभवांतून शहाणे होऊन तेथील पार्लमेंटने १७०१ च्या कायद्याने ठरविले, की न्यायाधीश राजाच्या मर्जीवर नव्हे तर सद्वर्तन असेतोवर पदावर राहील आणि त्याला काढावयाचे तर पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी तशी मागणी करावी लागेल. निःपक्षपातीपणाच्या बाबतीतही त्यांनी स्वतःस सवलत दिली नाही. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याच्या प्रकरणात नोव्हेंबर १९९८ मध्ये दिलेला निकाल लॉर्डांच्या सभेने महिन्याभरातच स्वतः रद्द केला. पाच न्यायाधीशांपैकी लॉर्ड हॉफमन यांचा, त्या प्रकरणात बाजू मांडणाऱ्या ॲम्नेस्टी या संस्थेच्या धर्मादाय शाखेशी संबंध होता, एवढेच कारण. त्यांनी पक्षपात केला असे कोणी म्हटले नव्हते. पुनः सुनावणी झाली आणि १९९९ मध्ये निकाल, काहीशा संकुचित स्वरूपात का होईना, पिनोशेच्या विरुद्धच गेला. तरीही तो खटाटोप व्यर्थ होता असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु १७०१ चा हा माल घरच्या वापरासाठी होता. मुंबईच्या गलबतात तो चढला नाही. १८२८ साली पुण्याच्या मोरो रघुनाथ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यातून न्यायालयापुढे हजर करावे, असा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी न्यायमूर्तींस सरळ कळविले, की मुंबई शहराबाहेर असले हुकूम सरकार अंमलात येऊ देणार नाही. तीन न्यायाधीशांपैकी दोघे त्याच वर्षी वारले. एकटे उरलेले सर जॉन ग्रँट यांनी, हुकूम मानला जात नसेल तर न्यायालय उघडे ठेवण्यात अर्थ नाही, असे म्हणून १ एप्रिल १८२९ रोजी त्याची दारेच बंद केली. अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर प्रिव्ही कौन्सिलने पुढे निर्णय ग्रँटविरुद्ध दिला आणि कायद्याच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. आमचा आक्षेप आहे तो मधल्या कारभाराला. गव्हर्नराने न्यायालयास पत्राने दटावावे आणि रिकाम्या झालेल्या सरन्यायाधीशाच्या खुर्चीवर सरकारचेच ॲडव्होकेट जनरल येऊन बसावेत! ग्रँटसाहेबांची गणना विलायतेतील मंत्र्यांनी रानहत्तीत केली होती. दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये तो नीट चालू लागेल, असा त्यांचा हिशेब होता. १८६१ च्या कायद्याने उच्च न्यायालये स्थापन झाली, तीही न्यायाधीशांना राणीच्या मर्जीवर बांधूनच. ती दोरी सुटावयास १९३५ चा कायदा यावा लागला.

स्वतंत्र भारताच्या घटनेने ही मर्जी पुरती निकालात काढली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास पदच्युत करावयाचे तर संसदेत विशेष बहुमत लागते. पण पुढचे दार असे भक्कम लावताना बाजूची खिडकी उघडी राहिली, ती कलम २२२ ची, म्हणजे बदलीची. आणीबाणीत १९७६ साली उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांची त्या खिडकीतून उचलबांगडी झाली. त्यांतील एक गुजरातचे न्यायमूर्ती संकळचंद शेठ. मे महिन्यात त्यांना आंध्र प्रदेशात धाडण्यात आले. ते मुकाट्याने तेथे रुजू झाले. आणि नंतर एखाद्या सामान्य फिर्यादीसारखे गुजरात उच्च न्यायालयात दाद मागावयास उभे राहिले. आणीबाणी चालू असताना, नोव्हेंबर १९७६ मध्ये, त्या न्यायालयाने बदली रद्द ठरविली. ज्या न्यायमूर्तींनी तो निर्णय दिला त्यांनाही बदलीचा कागद येऊ शकत होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचून सप्टेंबर १९७७ मध्ये निकाल लागला तोवर राज्य पालटले होते आणि नव्या सरकारने शेठ यांना परत पाठविण्याचे मान्य केले होते. बदलीस न्यायाधीशाची संमती लागत नाही, असे बहुमताने ठरले. पाचांपैकी दोघांना ते पटले नाही. सरन्यायाधीशांशी सल्लामसलत मात्र नावापुरती चालणार नाही आणि बदलीचा वापर शिक्षेसारखा होऊ नये, एवढे पदरात पडले.

१९९३ पासून बदलीची किल्ली सरकारच्या हातून ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे आली. हा मोठाच फरक आहे. तथापि २०१७ पासून या मंडळाचे ठराव प्रसिद्ध होत असले, तरी बदलीचे कारण म्हणून त्यांत बहुधा ‘न्यायदानाच्या सोयीसाठी’ अशा अर्थाचे एकच साचेबंद वाक्य असते. गुजरात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या बदलीची वार्ता नोव्हेंबर २०२२ मध्ये पसरली, तेव्हा अहमदाबादच्या वकिलांनी काम थांबविले. कारणे उघड केल्यास न्यायाधीशाची अप्रतिष्ठा होते, हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. मग निदान ती त्या न्यायाधीशास लेखी द्यावीत, त्याचे उत्तर घ्यावे आणि दोन्ही कागद एकत्र जपावेत. न सांगितलेल्या कारणाची जागा लोक तर्काने भरतात, आणि तो तर्क सहसा न्यायालयाच्या अब्रूला पोषक नसतो.

हे झाले उच्च न्यायालयाचे. भेस्तानच्या माणसाची गाठ पडते ती मात्र खालच्या न्यायदंडाधिकाऱ्याशी. त्याची स्थिती काय असू शकते, हे सप्टेंबर १९८९ मध्ये नडियादला दिसले. पोलीस समन्स बजावीत नाहीत म्हणून तेथील मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी वरिष्ठांकडे तक्रारी केल्या होत्या. त्यांना पोलीस ठाण्यात मारहाण झाली, बळजबरीने दारू पाजली गेली, बेड्या घालून दोरखंडाने बांधण्यात आले आणि त्या स्थितीत त्यांची छायाचित्रेही काढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबर १९९१ रोजी दोषी पोलिसांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा दिल्या आणि न्यायिक अधिकाऱ्यास अटक करताना पाळावयाचे नियम घालून दिले: जिल्हा न्यायाधीशांस कळवावे, त्यांच्या सूचनेशिवाय त्याला पोलीस ठाण्यात नेऊ नये, बेड्या घालू नयेत. हे नियम गुजरातेतील प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर, तेथे येणाऱ्या फिर्यादीला वाचता येतील अशा अक्षरांत लावावेत, अशी आमची राज्य सरकारास सूचना आहे. भेस्तानच्या आसपासच्या ठाण्यांत ते मराठीतही लावावेत.