नंबर जुळला नाही तरी रेडिओ वाजेल

साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक ट्रान्झिस्टर रेडिओंच्या आउटपुटला एसी १२८ हा जर्मेनियमचा पीएनपी ट्रान्झिस्टर असे. तो गेला की घाईत सिलिकॉनचा पीएनपी बसवला जातो. मग आवाज येतो, पण फाटका. जर्मेनियमला चालू व्हायला ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. त्यामुळे बायसचे रेझिस्टरही बदलावे लागतात. आउटपुटला जोडी असेल, तर दोन्ही एकदम बदललेले बरे.

पायांचा क्रम तर हमखास फसवतो. बीसी ५४७ आणि २एन३९०४ दोघेही एनपीएन, व्होल्टेजही जवळपास सारखे. पण सपाट बाजू समोर धरली तर एकाचे पाय कलेक्टर-बेस-एमिटर, दुसऱ्याचे नेमके उलट.

जळालेल्या भागाचा नंबरच पुसला गेला असेल, तर सर्किट डायग्रामशिवाय कारागीर अंधारात चाचपडतो. पूर्वी काही रेडिओंच्या मागच्या झाकणाला आतून हा डायग्राम चिकटवलेला असे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. बंद झालेल्या मॉडेलांचे डायग्राम तिथे टाकणे कंपन्यांना बंधनकारक करावे. जुन्या मॉडेलांत आता कसले व्यापारी गुपित उरले आहे?