जूनचा रकाना, डिसेंबरचा रकाना

जूनमध्ये शाळा सुरू झाली की शिक्षक एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला लावतात. हातात एकच कागद. मूल कुठवर वाचतं त्यावरून पातळी ठरते : प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. ‘प्रथम’ संस्थेची आणि २००५पासून ‘असर’ सर्वेक्षणातून देशभर गेलेली ही चाचणी साधी आणि चोख आहे. माझं भांडण आहे ते डिसेंबरमध्ये तीच चाचणी पुन्हा घेतल्यावर मांडल्या जाणाऱ्या गणिताशी.

पातळ्यांना १ ते ५ आकडे द्यायचे, सरासरी काढायची आणि अहवालात ‘२.६ वरून ३.१’ असं लिहायचं, ही सर्रास रीत. सरासरी सगळ्यांना कळते, असं तिचं समर्थन. पण ‘क’ आणि ‘म’ ओळखणाऱ्या मुलीला ‘काम’ वाचायला काना उमगावा लागतो. परिच्छेद वाचणाऱ्या मुलाला गोष्टीपर्यंत जायला सलग वाचनाचा दम लागतो. ही दोन अंतरं सारखी आहेत, हे कुणी मोजलं? एक मूल अक्षरावरून शब्दावर चढलं, दुसरं गोष्टीवरून परिच्छेदावर घसरलं, की सरासरीतला बदल शून्य. हेच आकडे १, २, ५, ६, ७ दिले तर प्रगती दिसते. १, २, ३, ४, ८ दिले तर पीछेहाट. पातळ्यांचा क्रम तिन्ही वेळा तोच, मुलंही तीच. मोठ्या संख्येत हे बहुधा खपून जातं, हे मान्य. एका वर्गाच्या निकालात मात्र ते खपवून घेता येत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. समजा, ४० मुलांपैकी परिच्छेद किंवा त्यापुढे वाचणारी जूनमध्ये १५ होती, डिसेंबरमध्ये २३ झाली. दोन्ही महिन्यांना वेगवेगळे गट धरून फरक तपासणाऱ्या काय-स्क्वेअर कसोटीचा आकडा काढला तर तो ३.२१ येतो, ५ टक्क्यांच्या कसोटीला ३.८४ लागतात. निष्कर्ष : फरक सिद्ध होत नाही. पण ही ८० मुलं नाहीत, तीच ४० आहेत! प्रत्येकाचा जून आणि डिसेंबर शेजारी मांडला आणि ९ मुलं वर गेली, एकच खाली आलं, असं निघालं तर? निव्वळ योगायोग असता तर चढणं-उतरणं नाणेफेकीसारखं झालं असतं. दहा फेकींत इतका किंवा याहून एकतर्फी कौल पडण्याची शक्यता १०२४ मध्ये २२, म्हणजे जेमतेम २ टक्के. क्विन मॅकनेमार यांनी १९४७ मध्ये मांडलेली कसोटी याच विचारावर उभी आहे. पाचही पातळ्या घेतल्या तरी किती चढली आणि किती घसरली एवढंच मोजून चिन्ह-कसोटी लावता येते. त्यासाठी दोन पातळ्यांमधलं अंतर गृहीत धरावं लागत नाही.

‘असर’ दर फेरीत मुलांचा नवा नमुना घेतं, म्हणून तिथे दोन टक्केवाऱ्यांची थेट तुलना योग्यच आहे. शाळेत मुलं तीच असतात. शिवाय सहा महिन्यांत ती वयानेही वाढतात. बदल सिद्ध झाला म्हणून श्रेय मधल्या काळात राबवलेल्या आपल्या वाचन-उपक्रमाचंच, असं ठरत नाही. त्यासाठी उपक्रम नसलेला वर्गही मोजावा लागतो.

केंद्रप्रमुखांना आणि शिक्षकांना एवढंच सांगणं आहे : डिसेंबरच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे जूनच्या पातळीचा रकाना ठेवा, आणि वर पाठवताना तो गाळू नका.