वॉर्न माहीत आहे. पण सुभाष गुप्ते? न केलेल्या फोनची शिक्षा भोगलेला लेगस्पिनर

शिरोड्यात संध्याकाळी टेनिस बॉलचा डाव रंगतो. लेगस्पिन टाकणाऱ्या पोरांच्या मोबाइलमध्ये शेन वॉर्नचे व्हिडिओ असतात, सुभाष गुप्तेंचे नसतात. खुद्द गॅरी सोबर्स यांच्या मते मात्र गुप्ते वॉर्नपेक्षा सरस होते.

मुंबईत १९२९ मध्ये जन्मलेल्या गुप्तेंनी ३६ कसोटींत १४९ विकेट घेतल्या. १९५८ मध्ये कानपूरला सोबर्स यांच्याच वेस्ट इंडिजचे ९ गडी त्यांनी १०२ धावांत टिपले. तेव्हा भारतात क्रिकेटवर घर चालत नसे. त्यामुळे लँकेशायर लीगमध्ये रिश्टन क्लबकडून ते पगारी खेळाडू म्हणून खेळले.

मग कारकीर्द संपली कशी?

१९६१ ची दिल्ली कसोटी. गुप्तेंसोबत एकाच खोलीत राहणाऱ्या कृपाल सिंग यांनी हॉटेलच्या रिसेप्शनिस्टला फोन करून ड्रिंकसाठी विचारलं. तिनं तक्रार केली. तिची दखल घेणं योग्यच होतं. पण बोर्डानं निलंबित केलं दोघांनाही! सहकाऱ्याला अडवलं का नाही, हा गुप्तेंवरचा ठपका. खोली एक म्हणून गुन्हाही एक, हा कुठला न्याय?

कृपाल सिंग १९६४ मध्ये पुन्हा भारताकडून कसोटी खेळले. गुप्तेंना ती संधी मिळालीच नाही. वय होतं अवघं ३२. पुढे ते पत्नी कॅरोल यांच्या त्रिनिदादमध्ये स्थायिक झाले आणि ३१ मे २००२ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.